पडदा दहा फुटांवर असतो

‘बॉक्स सोपाच असतो हो, म्हाताऱ्या माणसांना शिकायचंच नसतं.’ टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा नि रिमोटचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मला ते मुळीच मान्य नाही.

माझी मावशी सांगलीच्या गावभागात राहते. बचत गटाचा हिशेब तिला आजही तोंडपाठ असतो. गेल्या पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं, म्हणून ती बातम्या लावायला गेली आणि टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ चुकून दाबलं गेलं. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत ‘नो सिग्नल’. सिग्नल व्यवस्थित होता. बॉक्सची वायर ज्या खाचेत होती, ती सोडून टीव्ही दुसऱ्याच खाचेवर गेला होता. ‘बॉक्सवर परत जायला ओके दाबा’ एवढं मराठीत आलं असतं तर शेजारच्या मुलाची वाट बघत तिला तासभर बसावं लागलं नसतं. यात तिचं काय शिकायचं राहिलं होतं?

‘मोबाइल जमतो, मग टीव्ही का नाही?’ असंही विचारतात. मोबाइल हातात असतो, हवं तिथं बोट टेकवता येतं. टीव्ही दहा फुटांवर, आणि हाताशी चार बाण नि एक ओके. आपण कुठल्या चौकटीवर आहोत हेच ठळक दिसलं नाही, तर बाण दाबून करायचं काय? निवडलेली चौकट नुसती थोडी उजळ करून भागत नाही. तिला जाड कड हवी, अक्षरं मोठी हवीत.

‘स्वस्त बॉक्सला मराठी झेपत नाही’ यात थोडं तथ्य आहे. मेमरी तुटपुंजी असते, जोडाक्षरं जुळवायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण ते काम करणारं हार्फबझ फुकट मिळतं, मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फॉन्टही फुकट मिळतो. इंग्रजीच्या मापाच्या ओळीत मराठी कोंबलं की वरचा रफार कापला जातो, खालचा उकार गायब होतो. ओळ जरा उंच करायला तर एक पैसाही लागत नाही.

शिवाय हा बॉक्स लोकांनी हौसेनं मागितलेला नाही. केबलचं डिजिटायझेशन कायद्यानं झालं, त्यामुळे बॉक्स घ्यावाच लागला. सांगलीसारख्या शहरांसाठी 31 डिसेंबर 2015 ही मुदत होती. सक्तीनं घरात आणलेली वस्तू घरातल्या सगळ्यांना वापरता आलीच पाहिजे.

टीव्ही नि बॉक्स बनवणाऱ्यांनो, पडद्यावरची मांडणी पक्की करण्याआधी सत्तरीतल्या दोघांना दहा फुटांवर बसवा, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि काहीही न सांगता बघत राहा.