अदृश्य मोहऱ्यांचा पंच

पटावरचा एखादा खेळ संगणकावर अधिक चांगला वठतो का, हे त्या खेळात पंचावर कोणते काम पडते यावर पुष्कळसे अवलंबून असते, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे हेन्री मायकेल टेम्पल यांनी १८९९ मध्ये इंग्लंडात रचलेला ‘क्रीगश्पील’ हा बुद्धिबळाचा प्रकार होय. यात प्रत्येक खेळाडूला केवळ स्वतःचीच मोहरी दिसतात, खरी मांडणी तिसऱ्या पटावर फक्त पंचापुढे असते, आणि खेळाडूने केलेली चाल नियमांत बसते की नाही, कोणत्या घरातले मोहरे मारले गेले, शह उभ्या पट्टीतून, आडव्या पट्टीतून, कर्णातून की घोड्याचा लागला, एवढेच पंच जाहीर करतो. हत्तीची सरळ चाल नाकारली गेली, तर वाटेत काहीतरी उभे आहे किंवा त्या चालीने आपलाच राजा शहात येतो, असा तर्क खेळाडूला करावा लागतो, आणि सारा डाव अशाच तर्कांवर उभा राहत असल्यामुळे पंचाची एक चुकीची घोषणा संपूर्ण डाव निरर्थक करते. संगणक हे काम अचूक तर करतोच, शिवाय तिसऱ्या माणसाला पंचगिरीतून मोकळे करतो, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र ॲलन कॅल्हॅमर यांच्या ‘डिप्लोमसी’सारख्या खेळात, जिथे समोरच्याचा शब्द किती खरा मानायचा हाच डाव असतो, पडद्याने हिशेब सोपा होतो, पण चेहरा दिसेनासा होतो, आणि ती हानी कोणत्याही सोयीने भरून निघत नाही.