बिघाडातून जन्मलेला नाद: जुना फझ नेमका कुठे सापडतो?

१/ लंडनमध्ये १९६६ साली विक्रीस आलेली 'फझ फेस' ही गिटारची गोल डबी उघडली, तर आत काय दिसते? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन फिरवायची बटणे आणि ९ व्होल्टची एक बॅटरी. एवढ्याशा ऐवजासाठी आज संग्राहक डोळे मिटून पैसे मोजतात. जिमी हेंड्रिक्स यांचा नाद त्या डबीत कोंडलेला आहे, अशी त्यांची श्रद्धा असते. ही श्रद्धा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे. (थ्रेड)

२/ प्रथम फझ म्हणजे काय ते पाहावे. गिटारच्या तारेचे कंपन विजेच्या लहरीत रूपांतरित होते. फझचे सर्किट ती लहर इतकी वाढवते की तिला मावायला जागा उरत नाही आणि तिचे शेंडे व तळ छाटले जातात. गोलाईची लहर चौकोनी होते. मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे उपस्वर उसळून वर येतात. स्वराला खरखरीत कडा येते आणि तो दीर्घकाळ टिकून राहतो. मात्र अनेक स्वर एकदम छेडले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच बेसूर निपजतात. म्हणूनच फझवरच्या गाजलेल्या धुना बहुधा एकेरी स्वरांच्या असतात.

३/ या थ्रेडचे प्रतिपादन असे: जुना फझ ही एक वस्तू नसून एक साखळी आहे. वादकाची बोटे, गिटार, पेडल, बॅटरी, ॲम्प्लिफायर, मायक्रोफोन आणि ध्वनिफीत ही तिची कडी. तिचा इतिहास बिघाडाचा, फसलेल्या नकलेचा आणि चोखंदळ कानांचा आहे. त्यातील एकच कडी काढून तिची पूजा मांडणे म्हणजे इतिहास सोडून अवशेषांच्या मागे लागणे होय.

४/ मार्च १९५१, मेम्फिस. सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आयक टर्नर यांचे पथक 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित करण्यास आले, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर प्रवासात नादुरुस्त झाला होता. तो गाडीच्या टपावरून पडला की पावसात भिजला, याविषयीच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा जागी सावध असावे. फिलिप्स यांच्या सांगण्यानुसार फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली गेली. तो घरघरता आवाज तबकडीवर तसाच उतरला. तबकडीवर नाव झळकले गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे. किझार्ट यांचे नाव आजही मोजक्यांनाच ठाऊक आहे.

५/ मग अपघाताची जागा हेतूने घेतली. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. त्या रचनेत एकही शब्द नाही, तरी काही अमेरिकन रेडिओ केंद्रांनी ती वाजवण्याचे नाकारले. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस यांनी 'यू रिअली गॉट मी'साठी आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरवर दाढीचे पाते चालवले. चांगल्या वस्तूला जाणूनबुजून दुखापत करणारी ही माणसे वेडी नव्हती. नितळ आवाजात न मावणारे काहीतरी त्यांना म्हणायचे होते.

६/ फझची डबी मात्र नॅशव्हिलमध्ये जन्मली. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते. कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून तो येत होता, त्यात बिघाड झाला आणि मंद, सालस गीतामध्ये अचानक घोंघावणारा सोलो उमटला. तो भाग पुन्हा वाजवून घेणे सहज शक्य होते, पण तो ठेवण्यात आला. १९६१ साली ते गीत कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. बिघाड झाला हे निमित्त. तो ठेवला गेला, हा इतिहास.

७/ ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी पुढे रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या सर्किटमध्ये बांधला. गिब्सनने १९६२ मध्ये तो 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढला. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल होते. जाहिरात होती ती ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा यांच्या नकलेची, म्हणजे गिटारवादकाला पितळी वाद्यांचे सोंग घेता यावे यासाठी! पहिल्या वर्षी दुकानदारांनी माल उचलला, पण गिऱ्हाईक फिरकले नाही. डब्या फळीवर धूळ खात पडल्या.

८/ मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या पथकाने हॉलिवूडच्या स्टुडिओत 'सॅटिस्फॅक्शन' मुद्रित केले. कीथ रिचर्ड्स यांनी मेस्ट्रोवर वाजवलेली धून त्यांच्या मते केवळ कच्चा आराखडा होता. पुढे त्या जागी पितळी वाद्ये यावीत, असे त्यांच्या मनात होते. आराखडाच प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता पडून राहिलेल्या डब्या संपल्या. त्याच वर्षी ओटिस रेडिंग यांनी ते गीत खरोखरच पितळी वाद्यांसह गायले. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. जी नक्कल म्हणून जन्मली, ती तोवर स्वतंत्र वाद्य होऊन बसली होती, हे कानालाच कळते.

९/ 'सॅटिस्फॅक्शन' जून १९६५ मध्ये अमेरिकेत आले. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये यार्डबर्ड्स या पथकाचे 'हार्ट फुल ऑफ सोल' आले. त्यासाठी स्टुडिओत सतारवादक बोलावण्यात आला होता, परंतु पथकाला हवा तो परिणाम साधेना. अखेर जेफ बेक यांनी फझ लावलेल्या गिटारवर सतारीचा भास निर्माण केला. अमेरिकेत ट्रम्पेटची नक्कल करू पाहणारी युक्ती लंडनमध्ये सतारीची नक्कल करू लागली.

१०/ सतारीचीच नक्कल फझला का जमावी? याचे उत्तर मराठी कानाला परके नाही: जवारी. तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते. कंप पावणारी तार तिला पुन्हा पुन्हा घासून जाते आणि उपस्वरांचा झंकार उठतो. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा 'जीव' सरकवून तो नेमका जुळवतात. फझमध्ये लहर छाटली जाते, जवारीत तार घासली जाते. भौतिकी निराळी, पण दोन्हीकडे साधा स्वर उपस्वरांनी भरून येतो. मिरजेचा कारागीर घोडी घासताना पट्टी-मापापेक्षा कानावर विसंबतो. खुली जवारी हवी की बंद, हे लाकूड ठरवत नाही. हा मुद्दा पुढे कामी येईल.

११/ लंडनमध्येच १९६५ साली गॅरी हर्स्ट यांनी 'टोन बेंडर' घडवला. जेम्स बाँडची प्रसिद्ध धून वाजवणारे विक फ्लिक यांनी मेस्ट्रोचा स्वर अधिक काळ टिकेल असे काही करता येईल का, अशी विचारणा केली होती. पुढच्या वर्षी आर्बिटर कंपनीचा 'फझ फेस' आला. त्याची गोल पेटी मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचली, असे सांगतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कहून 'बिग मफ' आला. त्यात सिलिकॉनचे चार ट्रान्झिस्टर होते.

१२/ आता जर्मेनियमकडे वळावे. त्याच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर लहर छाटताना काहीसा मऊपणा राखतो, वरचे तीक्ष्ण स्वर थोडे दबतात आणि गिटारचे व्हॉल्यूम उतरवले की आवाज हळुवारपणे नितळ होत जातो. पण त्यात विजेची गळती असते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ती साधारण दुप्पट होते. सकाळी गोड वाजणारे पेडल मंचावरच्या उष्ण दिव्यांखाली घुसमटल्यासारखे वाजू शकते.

१३/ परंतु त्या काळच्या कारागिरांनी जर्मेनियम नादासाठी शोधून काढले होते काय? ते बाजारात सहज आणि स्वस्त मिळत होते, म्हणून वापरले गेले. सिलिकॉन स्वस्त आणि भरवशाचे होताच फझ फेसमध्येही तेच आले, आणि हेंड्रिक्स यांनी पुढच्या काळात सिलिकॉनचे फझ फेसही वापरले. ज्या कलावंताच्या नावाने जर्मेनियमची पूजा चालते, त्याने स्वतः ते सोवळे पाळले नव्हते.

१४/ दुसरी गफलत अधिक खोल आहे. एकाच क्रमांकाच्या दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची प्रवर्धनक्षमता दुपटीने भिन्न असणे त्या काळी नित्याचे होते. म्हणून एकाच दिवशी तयार झालेल्या दोन डब्यांपैकी एक गात असे, तर दुसरी नुसती खरखरत असे. हेंड्रिक्स यांचे सहकारी रॉजर मेयर यांनी सांगितले आहे की अनेक डब्या तपासून त्यांतील चांगल्या निवडल्या जात. वाईट डब्या कोणी जपल्या नाहीत. जे टिकले तेवढ्यावरून सारा काळ जोखणे, ही इतिहासलेखनातली नेहमीची चूक येथेही होते. 'जुने सारेच सुरेल' हा भास निवडीने निर्माण केला आहे.

१५/ मग तो नाद हवा असणाऱ्याने काय करावे? मिरजेच्या कारागिराप्रमाणे आधी कान लावावा. फझ फेसच्या पद्धतीच्या सर्किटात दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास दाब असावा, असा संकेत आहे. तेथून थोडे इकडे-तिकडे सरकताच स्वर फुलतो किंवा तुटक होतो. ही जुळणी म्हणजे फझची जवारी. साधी झिंक-कार्बन बॅटरी, तीही थोडी उतरलेली, जुन्या आवाजाच्या अधिक जवळ नेते. हे सारे स्वस्त उपाय आहेत.

१६/ त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागा. या पेडलचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो. त्यामुळे गिटारचे पिकअप आणि पेडल मिळून जणू एकच सर्किट बनते. गिटारवरचे व्हॉल्यूम किंचित उतरवले की गर्जना विरून काचेसारखा स्वच्छ स्वर उरतो. हेंड्रिक्स यांच्या वादनातील कितीतरी छटा या एका बटणावर उभ्या आहेत. फझच्या आधी बफर असलेले दुसरे पेडल आले की हा संवाद तुटतो. म्हणून अशा फझची जागा साखळीत पहिली. अस्सल जुनी डबी चुकीच्या जागी लावणाऱ्यापेक्षा साधी नवी डबी योग्य जागी लावणारा १९६७ च्या अधिक जवळ असतो.

१७/ पुढची कडी ॲम्प्लिफायरची. त्या काळी फझमागे व्हॅक्यूम ट्यूबचे मोठे ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवले जात. ते स्वतःच फुटण्याच्या बेतात असत. फझने त्यांना फक्त शेवटचा धक्का दिला. तेच पेडल घरी हळू आवाजात, नितळ ॲम्प्लिफायरला जोडले की भिंगोटीची भुणभुण ऐकू येते, आणि बिचाऱ्या पेडलवर नकलीपणाचा आळ येतो. शिवाय जो 'जुना आवाज' कानात बसला आहे, तो खोलीतला नसून तबकडीवरचा आहे. मायक्रोफोनने वेचलेला, फितीवर दाबलेला आणि ध्वनितंत्रज्ञाने घडवलेला तो आवाज आहे.

१८/ यावर आक्षेप येईल की मूळ वस्तूंचे जतन व्यर्थ ठरवायचे काय? मुळीच नाही. मूळ मेस्ट्रो किंवा टोन बेंडर हा साधनग्रंथ आहे. तो उघडून मोजला, ऐकला आणि नोंदवला गेला, म्हणूनच विश्वासू प्रतिकृती शक्य झाल्या. संग्रहालयाचे काम वेगळे आणि वादकाचे वेगळे, एवढेच. दोहोंची गल्लत झाली की हानी होते. जर्मेनियमच्या दोन ट्रान्झिस्टरांसाठी जुने रेडिओ उकलले जातात. म्हणजे एका इतिहासाच्या हव्यासापोटी दुसरा इतिहास भंगारात जातो. आणि पैसे नसलेल्या तरुण वादकाची समजूत होते की हा नाद आपल्यासाठी नाही.

१९/ खरे तर हा नाद त्याच्यासारख्यांचाच होता. किझार्ट यांच्याकडे धड स्पीकर नव्हता, रे यांच्याकडे पेन्सील होती, डेव्हिस यांच्याकडे दाढीचे पाते होते. हाताशी जे होते त्यातून, कानाला जे रुचले ते त्यांनी ठेवले. त्यांच्याशी इमान राखायचे असेल, तर त्यांचे सुटे भाग जमवण्याआधी त्यांची ऐकण्याची सवय उचलावी लागेल.

२०/ आरंभ ऐकण्याने करावा. क्रम असा: 'रॉकेट ८८', 'रंबल', 'डोन्ट वरी', 'सॅटिस्फॅक्शन', 'हार्ट फुल ऑफ सोल', आणि शेवटी हेंड्रिक्स यांचे १९६७ चे 'पर्पल हेझ'. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: येथे बिघाड कोणता, आणि तो ठेवण्याचे कोणी ठरवले? त्यानंतर एक साधे पेडल थेट गिटारला जोडावे, व्हॉल्यूम निम्म्यावर आणावे आणि हळूहळू वर न्यावे. घरातला जुना रेडिओ मात्र न उकलता तसाच राहू द्यावा. (समाप्त)