कमाला खानची शाळा: पडद्यावरचे सुपरहिरो आणि आपली मुले

मधल्या सुट्टीत आठवीच्या दोन मुलींचा वाद रंगला होता. एक म्हणत होती, "कमाला खान आपली आहे, मुसलमान आहे." दुसरी म्हणाली, "मग नाव कमला कसं? आणि मुसलमान कधी सुपरहिरो असतो का?" निवाडा करायला दोघी आमच्याकडे आल्या. नावाचे उत्तर सोपे होते, ते शेवटी सांगू. दुसरा प्रश्न मात्र मनात राहिला. जग वाचवणारी मुलगी आपल्या घरातली असूच शकत नाही, असे तेरा वर्षांच्या पोरीला का वाटावे?

आपण मोठी माणसे या कथांना 'कार्टून' म्हणून सोडून देतो. मुले मात्र त्या मन लावून बघतात. जानेवारी २०२५ मध्ये शाळकरी स्पायडरमॅनची नवी अॅनिमेशन मालिका आली. स्पायडरमॅनच्या पुढच्या चित्रपटासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. मोबाईल घरोघरी आहे, त्यामुळे 'आमच्याकडे हे चालत नाही' असे म्हणून हा विषय संपत नाही. आम्ही पेशाने शिक्षक, म्हणून या कथांत आमचे लक्ष मारामारीपेक्षा शाळेकडे जास्त जाते. तिथे मुलाला कोणी ओळखते का, की ते फक्त हजेरीपटावरचे एक नाव असते? आमच्या मते या कथांची खरी परीक्षा इथेच होते.

शाळा लवकर सुटते

पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी कॉमिकमध्ये आणला. तोवर किशोरवयीन मुले बहुधा मोठ्या हिरोच्या हाताखाली असायची. इथे पहिल्यांदा चष्मा घालणारा, वर्गात टिंगल सोसणारा शाळकरी पोरगा स्वतःच नायक झाला. पण १९६५ मध्येच लेखकांनी त्याला शाळेतून पास करून बाहेर काढले.

पडद्यावरही तेच झाले. २००२ च्या चित्रपटात पीटरची शाळा अर्ध्या वाटेवर संपते. ती भूमिका करणारे टोबी मॅग्वायर तेव्हा २६ वर्षांचे होते. २०१२ च्या चित्रपटातले अँड्र्यू गारफिल्ड २८ वर्षांचे. शाळेचा वर्ग दिसत होता, पण त्यात बसलेला माणूस शाळकरी वाटत नव्हता.

२०१७ च्या 'स्पायडरमॅन: होमकमिंग'मध्ये हे बदलले. टॉम हॉलंड यांनी तयारीसाठी न्यूयॉर्कच्या एका विज्ञान शाळेत आपली ओळख लपवून काही दिवस हजेरी लावली होती. त्या चित्रपटात शाळा खरी वाटते. प्रश्नमंजूषेचा संघ आहे, शिक्षा म्हणून थांबवून ठेवलेली मुले आहेत, सहलीतून गायब झालेल्या पोराला शोधणारे वैतागलेले शिक्षक आहेत.

पुढे २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये एक प्रसंग येतो, तो आपल्या पालकांनी जरूर बघावा. पीटरचे गुपित फुटते, त्याची बदनामी होते आणि एमआयटीसारखी संस्था त्याला प्रवेश नाकारते. त्याच्या दोन मित्रांनाही नाकारते. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते त्याचे मित्र आहेत. कोणाच्या तरी नावाचा डाग आपल्या निरपराध मुलाला लागणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही.

शून्य गुणांचा पेपर

दुसरे उदाहरण माइल्स मोरालेसचे. २०१८ च्या 'इनटू द स्पायडर-व्हर्स' या अॅनिमेशनपटाचा हा नायक. वडील कृष्णवर्णीय पोलीस, आई रिओ मूळची प्वेर्तो रिकोची. मुलाला लॉटरीतून एका नावाजलेल्या निवासी शाळेत प्रवेश मिळतो. घरच्यांना आनंद, पोराला मात्र तिथे परके वाटते. शाळेने काढून टाकावे म्हणून तो 'चूक की बरोबर' प्रकारच्या परीक्षेत मुद्दाम शून्य मिळवतो.

शिक्षिका पेपर समोर ठेवून त्याला समजावते, की डोळे बांधून खुणा केल्या तरी अशा परीक्षेत निम्मे गुण मिळतात. सगळीच उत्तरे चुकवायची असतील, तर सगळीच बरोबर उत्तरे माहीत असावी लागतात. ती त्याला वर्गाबाहेर काढत नाही. स्वतःविषयी निबंध लिहून आणायला सांगते.

बीएडच्या पुस्तकांत बालमानसशास्त्राची कितीतरी पाने असतात. हा दोन मिनिटांचा प्रसंग आम्हाला त्याहून जास्त शिकवून गेला. नापास होणारे प्रत्येक मूल 'ढ' नसते. काही मुलांना फक्त तिथून निघून जायचे असते. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेतून गावातल्या मोठ्या मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेलेली आपली किती मुले अशी गप्प बसतात! वर्षअखेर गुण घसरतात आणि घरी ओरडा बसतो. पेपर कोरा का ठेवला, हे विचारायचे राहून जाते.

२०२३ च्या पुढच्या भागात शाळेची समुपदेशक बाई कॉलेजच्या अर्जासाठी माइल्सची 'गोष्ट' तयार करू लागते. गरिबीशी झगडणाऱ्या, बाहेरून आलेल्या कुटुंबातला मुलगा, अशी ती गोष्ट. आईवडील समोरच बसलेले असतात. त्यांना ते मान्य होत नाही. वडील नोकरदार, आई नर्स, घर नीट चाललेले. शिवाय प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, मग 'बाहेरून आलेले' कसे? बाईंच्या मनात वाईट काही नसते. पण मुलाकडे बघण्याआधीच त्यांच्या डोक्यात चित्र तयार असते. 'तुमच्यात मुलींना शिकवत नाहीत ना?' हे वाक्य असेच सहानुभूतीने, हसत हसत आपल्याला ऐकवले जाते.

जर्सी सिटीची कमाला

आता कमालाकडे येऊ. ती २०१३ मध्ये कॉमिकमध्ये पहिल्यांदा दिसली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तिचे स्वतःचे 'मिस मार्व्हल' सुरू झाले. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना. सना पाकिस्तानी वंशाच्या, न्यू जर्सीत वाढलेल्या, तर विल्सन यांनी तरुणपणी इस्लाम स्वीकारला. पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. जून-जुलै २०२२ मध्ये डिस्ने प्लसवर सहा भागांची मालिका आली. कमाला झालेली इमान वेल्लानी तेव्हा १९ वर्षांची होती आणि हे तिचे पहिलेच काम. आईच्या भूमिकेत मूळच्या मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ आहेत.

कमाला सोळा वर्षांची. वर्गात वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढते, स्वप्नात हरवते. शाळेचे समुपदेशक तिला बोलावून भविष्याचा विचार कर म्हणून सांगतात. घरी अम्मीही तेच सांगते. गंमत अशी, की अंगात शक्ती येण्याआधीच तिचे आयुष्य दुहेरी आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. इथे एक कमाला, तिथे दुसरी. मुखवटा तिला नवा वाटतच नाही.

तिची मैत्रीण नकिया हिजाब घालते. शाळेच्या स्वच्छतागृहात उभ्या उभ्या दोघी बोलतात, तो प्रसंग मालिकेत फार मोलाचा आहे. काहींना ती जास्त गोरी वाटायची, काहींना जास्तच परकी. हिजाब घातल्यावर आपण कोण हे आपल्याला उमगले, असे ती सांगते. कोणी जबरदस्ती केलेली नाही आणि कोणी तिची 'सुटका'ही करत नाही. हीच नकिया मशिदीत बायकांच्या जागेची दुर्दशा बघून मंडळाच्या निवडणुकीला उभी राहते. पुढे सरकारी अधिकारी चौकशीला मशिदीत येतात तेव्हा ती त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत बोलते.

मशिदीतली ती चौकशी हवेतून आलेली नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्क पोलिसांनी शेजारच्या न्यू जर्सीतल्या मशिदी, दुकाने आणि मुस्लिम विद्यार्थी संघटनांवर गुपचूप पाळत ठेवली होती. असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी २०११ पासून हे उघडकीस आणले आणि २०१२ मध्ये त्यांना पुलित्झर मिळाले. लोक न्यायालयात गेले, २०१८ मध्ये समझोता झाला. कमालाच्या पिढीने खऱ्या आयुष्यात हे सोसले आहे.

आणि मालिका आली ते वर्षही आठवा. २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. १५ मार्चला उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. त्याच्या अधल्यामधल्या महिन्यांत आपल्या मुली पडद्यावर नकियाला शाळेच्या व्हरांड्यात बिनधास्त चालताना बघत होत्या. ती मालिका त्यांच्यासाठी नुसती करमणूक नव्हती.

जे खटकले

सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. कमालाच्या शक्तीचा संबंध मालिकेने आधी 'जिन्न' लोकांशी जोडला. आपल्या श्रद्धेतली गोष्ट अशी मसाल्यासारखी वापरलेली अनेकांना रुचली नाही, आम्हालाही नाही. चोरून पार्टीला जाणे वगैरेही आहे. ही दीनची तालीम देणारी मालिका नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

आमची मोठी तक्रार वेगळी आहे. कथा जशी पसरते तशी शाळा हरवते. चौथ्या-पाचव्या भागात कमाला कराचीला आणि तिथून १९४७ च्या फाळणीत पोहोचते. ते चित्रण हेलावणारे आहे, पण वर्ग मागे पडतो. २०२३ च्या 'द मार्व्हल्स' चित्रपटात ती अंतराळात जाते आणि शाळा जवळपास दिसतच नाही. मार्व्हलच्या या मालिकेतला तो सर्वांत कमी कमाई करणारा चित्रपट ठरला. कारणे अनेक असतील. पण आमच्या वर्गातल्या मुलींना कमाला आवडली ती आकाशात उडते म्हणून नव्हे. तिची अम्मी त्यांच्या अम्मीसारखी ओरडते आणि तिला वर्गात त्यांच्यासारखेच अवघडल्यासारखे होते, म्हणून आवडली.

मालिकेचा सहावा भाग हे विसरत नाही. शेवटची झुंज शाळेच्याच इमारतीत होते. बंदूकधारी अधिकारी आत शिरतात, मुले शाळेतल्याच वस्तूंनी त्यांची वाट अडवतात, भाऊ आणि मैत्रिणी सोबत असतात आणि बाहेर मोहल्ला गोळा होतो. एकटी पोरगी जिंकत नाही. तिच्या पाठीशी घर, शाळा आणि वस्ती तिन्ही उभी राहतात.

आपल्या घरात

आम्ही पालकांना एवढेच सांगू. मूल हे बघत असेल तर एक भाग त्याच्याजवळ बसून बघा. खटकले ते तिथेच सांगा, आवडले तेही सांगा. मग विचारा, "तुझ्या शाळेत असं होतं का रे?" गुणांच्या पलीकडे शाळेची गोष्ट काढायला याहून सोपे निमित्त मिळणार नाही. आणि आम्हा शिक्षकांनी कोरा पेपर बघून रागावण्याआधी माइल्सची ती शिक्षिका आठवावी.

आता त्या नावाचे. मालिकेच्या शेवटी गच्चीवर अब्बू कमालाला तिच्या नावाचा अर्थ सांगतात. अरबीत 'कमाल' म्हणजे परिपूर्णता, पण उर्दूत त्याचा अर्थ नवलाकडे झुकतो. म्हणजे ज्या 'मार्व्हल'च्या मागे ती धावत होती, तो शब्द जन्मापासून तिच्याच नावात होता. आम्ही मुलींना म्हटले, "अगं, आपण मराठीतही 'कमाल केलीस' म्हणतोच की!" दोघी हसल्या. मग वाद घालणारी ती दुसरी मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्या नावाचा अर्थ काय?"

घंटा झाली होती, तरी आम्ही थांबून सांगितला. तुमच्या मुलीला तिच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? नसेल तर आज रात्री जेवताना सांगा.