रूपकाचे भूत आणि सूकीचा घरखर्च

रक्तपिपासूंच्या तेरा कादंबऱ्या आम्ही ओळीने वाचल्या, त्यांपैकी निम्म्या दोनदा वाचल्या, आणि त्याचा आम्हाला तिळमात्र संकोच वाटत नाही. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण शार्लेन हॅरिस या अमेरिकी लेखिकेच्या 'सदर्न व्हॅम्पायर मिस्टरीज' या मालिकेचे नाव साहित्याच्या प्राध्यापकांत काढले की दोनच प्रतिक्रिया उमटतात. पहिली नाक मुरडण्याची. दुसरी कौतुकाच्या वेषात येते, म्हणून अधिक घातक: "हो, त्यातला रक्तपिपासू म्हणजे 'इतर'. फार सूचक रूपक आहे!" आमचे भांडण या दुसऱ्या प्रतिक्रियेशी आहे.

नाक मुरडणाऱ्यांविषयी दोन शब्द पुरेत. मराठी वाचकाला रक्तपिपासूचे वावडे कधीच नव्हते. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून नारायण धारपांनी रचलेली 'लुचाई' आपल्यापैकी कित्येकांनी रात्री पांघरुणात वाचली आणि सकाळी वर्गात धारपांचे नाव घेण्याचे टाळले. हा दुटप्पीपणा जुना आहे आणि त्याच्यावर लिहूनही पुष्कळ झाले आहे. रूपकवाल्यांवर मात्र कोणी लिहीत नाही, कारण ते आपल्याच बाजूचे वाटतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ही मालिका निवडली. ती सकाळी तासांना येई आणि संध्याकाळी एका उपाहारगृहात गल्ल्यावर बसे. तिच्या प्रतींमध्ये जिथे जिथे पैशाचा उल्लेख होता तिथे तिथे पेन्सिलीची रेघ होती: टिपा, घरपट्टी, गाडीची दुरुस्ती, विम्याचे कागद. 'सूकी स्टॅकहाउसचा घरखर्च' असा तिचा विषय होता. समितीने तो परत पाठवला. 'रक्तपिपासू आणि इतरत्वाचे राजकारण' असा करा, मंजूर होईल, असा निरोप गेला. तिने तसा केला, तो मंजूर झाला आणि प्रबंध सुमार उतरला. त्या समितीत आम्हीही होतो आणि आम्ही गप्प बसलो. प्रस्तुत लेख हे त्या मौनाचे उशिरा घेतलेले प्रायश्चित्त समजावे.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'डेड अंटिल डार्क' ही पहिली कादंबरी 2001 साली आली, 'डेड एव्हर आफ्टर' ही तेरावी आणि अखेरची 2013 साली. म्हणजे वर्षाला एक. घटनास्थळ अमेरिकेच्या दक्षिणेतील लुइझियाना राज्यातले बाँ ताँ नावाचे काल्पनिक खेडे. जपानमध्ये कृत्रिम रक्ताचा शोध लागला आहे, त्यामुळे माणसाच्या रक्तावाचूनही आमचे भागते, असे सांगत रक्तपिपासू जगापुढे उघडपणे आले आहेत. कथा सांगणारी सूकी मर्लॉट्स नावाच्या बारमध्ये वेट्रेस आहे. तिला इतरांच्या मनातले ऐकू येते. ही देणगी आहे असे तिला वाटत नाही. ती तिला अपंगत्व म्हणते. वर्गात लक्ष लागले नाही, शिक्षण पुढे सरकले नाही, गावाने तिला वेडी ठरवले. रक्तपिपासूचे मन मात्र तिला ऐकू येत नाही. बिल कॉम्प्टन पहिल्यांदा बारमध्ये येऊन बसतो तेव्हा तिला त्याच्याकडे ओढणारी मुख्य गोष्ट आहे शांतता. दिवसभर गिऱ्हाइकांची मने कानावर आदळून घेणाऱ्या बाईला कान मिटता येतील अशी एक जागा सापडते. नोकरीचा थकवा प्रेमाच्या मुळाशी ठेवणारी प्रेमकथा आम्ही फार वाचलेल्या नाहीत.

आता पैशाकडे वळू. श्रीवपोर्ट शहरात फँगटेजिया नावाचा बार आहे. त्याचा मालक एरिक नॉर्थमन, हजारावर वर्षे जगलेला व्हायकिंग, रक्तपिपासूंच्या राज्यव्यवस्थेत आपल्या हद्दीचा 'शेरिफ'. हा पराक्रमी पुरुष सूकीला पहिल्यांदा कामाला लावतो ते कशासाठी? धंद्यातला पैसा कोणी लांबवला, ते नोकरांच्या मनात डोकावून सांगण्यासाठी. सूकी अट घालते: गुन्हेगार माणूस निघाला तर त्याला पोलिसांच्या हवाली करायचे, मारायचे नाही. मालिकेचा कणा हा असा आहे: बलाढ्य मालक, तिच्या कानांची गरज, आणि नकार देण्याची ताकद नसलेल्या बाईने निदान अटी तरी मान्य करून घेणे. पुढे हेच कान डॅलसला पाठवले जातात, मग राणीबरोबर ऱ्होड्सच्या परिषदेला. 'डेड टु द वर्ल्ड'मध्ये (2004) स्मृती गेलेल्या एरिकला सूकीच्या घरी लपवायची वेळ येते, तेव्हा तिचा भाऊ जेसन आधी मोबदल्याची घासाघीस करतो. आणि एरिक सूकीला जी भेट देतो तिचे आम्हाला आजही अप्रूप वाटते: तिच्या घराकडे जाणाऱ्या खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवर तो नवी खडी टाकून देतो. ड्रॅक्युलाला हे सुचले नसते. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने घर गाठणाऱ्या कोणालाही या भेटीचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

रूपकवाले ही खडी पाहत नाहीत. त्यांचा आधार दोन गोष्टींचा. एक, रक्तपिपासूंच्या 'उघड होण्या'ची भाषा समलिंगी चळवळीच्या भाषेवरून घेतलेली आहे. दोन, 2008 ते 2014 या काळात एचबीओवर चाललेली अ‍ॅलन बॉल यांची 'ट्रू ब्लड' ही दूरचित्रमालिका. तिच्या शीर्षकदृश्यांत देवाला सुळे असलेल्यांचा तिटकारा असल्याची पाटी झळकते. समलिंगींविरुद्धच्या कुप्रसिद्ध घोषणेचे ते विडंबन. ही सूचना ग्रंथातही आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण सूचना म्हणजे अर्थ नव्हे. समलिंगी माणसे धोकादायक असतात, ती इतरांना नासवतात, ही समाजाने पसरवलेली थाप आहे. हॅरिसचे रक्तपिपासू मात्र खरोखर चावतात, खरोखर ठार मारतात. हे समीकरण शेवटपर्यंत ताणले तर थापेलाच पुरावा मिळतो. शिवाय ज्या 'पीडित अल्पसंख्या'त राजे, राण्या, शेरिफ, बारमालक आणि शतकानुशतकांची साठवलेली संपत्ती आहे, तिला पीडित म्हणताना जीभ थोडी तरी अडखळायला हवी.

या समीकरणाला सर्वांत मोठा तडा दुसऱ्या कादंबरीने, 'लिव्हिंग डेड इन डॅलस'ने (2002) दिला आहे. मर्लॉट्समध्ये लफायेत नावाचा स्वयंपाकी आहे, कृष्णवर्णीय आणि समलिंगी. म्हणजे ज्याच्यासाठी रूपक रचले असे म्हणतात, तो माणूस रूपकाशिवाय, सदेह, भटारखान्यात उभा आहे. कादंबरीच्या सुरुवातीलाच त्याचे प्रेत बारबाहेर उभ्या असलेल्या एका मोटारीच्या मागच्या आसनावर सापडते. रूपकाला तेरा खंड मिळाले, माणसाला एका मोटारीचे मागचे आसन. हा लेखिकेचा गंभीर दोष आहे आणि तो आम्ही झाकणार नाही. दूरचित्रमालिकेने तो ओळखला असावा: तिथे लफायेत अखेरच्या, सातव्या पर्वापर्यंत जिवंत राहिला, आणि ग्रंथात गोरी असलेली टारा तिथे कृष्णवर्णीय झाली. पण 'इतरत्वा'वर बोलणाऱ्यांच्या लेखनात लफायेतला एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. त्यांचे सगळे लक्ष सुळ्यांवर.

तीच गत पहिल्या कादंबरीतल्या खुन्याची. बाँ ताँमध्ये बायकांचे खून होत आहेत. मेलेल्या बायका रक्तपिपासूंशी शय्यासोबत केलेल्या. सूकीची आजीही आपल्या स्वयंपाकघरात मारली जाते; खुनी आला होता सूकीसाठी. संशय अर्थातच रक्तपिपासूंवर. पण खुनी निघतो बारमध्ये रोज येणारा, सूकीने वर्षानुवर्षे ज्याला बिअर आणून दिली तो गावचाच रेने. त्याने पहिला बळी घेतला तो स्वतःच्या बहिणीचा, कारण ती रक्तपिपासूबरोबर गेली होती. बहिणीने कोणाबरोबर जावे हे आपण ठरवू, आणि ती ऐकत नसेल तर तिला जिवंत ठेवणार नाही: हा गुन्हा ओळखण्यासाठी मराठी वाचकाला लुइझियानाला जावे लागत नाही. सर्वांची मने ऐकणाऱ्या बाईलाही शेजारचा खुनी ओळखता आला नाही, कारण तो ओळखीचा होता. या कादंबरीला रहस्यकथेसाठीचा अँथनी पुरस्कार मिळाला, तो आमच्या मते अगदी योग्य हाती गेला.

उरला प्रश्न रक्तपिपासू नेमके कोण, हा. ग्रंथच त्याचे उत्तर देतो. बिल कॉम्प्टन हा अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला सैनिक, गुलाम बाळगणाऱ्या घरातला. तो आपल्या वडिलोपार्जित घरी परत येतो. सूकीची आजी ज्या मंडळात आहे त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'गौरवशाली मृतांचे वंशज'. ती बिलला युद्धाच्या आठवणी सांगायला मंडळात बोलावते. दक्षिणेचा भूतकाळ मेलेला नाही असे सांगायला दुसऱ्या लेखकांना प्रतिमा शोधाव्या लागल्या. हॅरिसने त्याला खुर्ची दिली आणि भाषण करायला लावले. पुढे गावातले जुने, ऐट राखून असलेले पण खंक झालेले बेलफ्लर घराणे आपलेच वंशज असल्याचे बिलला कळते आणि तो गुपचूप त्यांच्याकडे पैसा पोहोचवतो. हवेलीची डागडुजी होते. रक्ताचे नाते ते हेच. जुनी संपत्ती जुन्या दारीच जाते आणि वेट्रेस घरपट्टीची चिंता करत राहते. 2005 साली कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, त्याची झळ कादंबऱ्यांतल्या लुइझियानाच्या राणीलाही लागते. तिचे बळ ओसरते, आणि 'फ्रॉम डेड टु वर्स'मध्ये (2008) नेवाडाचा राजा राज्य गिळतो. नेवाडा म्हणजे जुगारअड्ड्यांचे राज्य. पुरानंतर कोण विकत घ्यायला येते, हे लेखिकेला नीट ठाऊक होते.

इथे कोणी म्हणेल, तुम्हीही रूपकच करता आहात. मार्क्सने भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली होती, तीच तुम्ही उगाळता. नाही. आम्ही एरिक भांडवलाचे 'प्रतीक' आहे असे म्हणत नाही. एरिक मालक आहे. त्याच्या बारला जमाखर्च आहे, अफरातफर आहे, नोकर आहेत. जे पानावर सरळ लिहिले आहे ते वाचा, एवढीच आमची मागणी. विद्यार्थ्यांना आपण अर्थ शोधायला शिकवतो, ते ठीकच. पण शब्द वाचण्याआधी अर्थ शोधायला शिकवले की त्यांना सगळीकडे एकच अर्थ सापडू लागतो.

मालिका निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. आठव्या-नवव्या खंडापासून रहस्याची वीण सैल होते. दर वर्षी एक कादंबरी आणि दर कादंबरीत नवी जमात: रूप पालटणारे, लांडगे, चेटकिणी, मग पऱ्या. माणसांची वंशावळ जवळ घेऊन बसल्याशिवाय 'डेड इन द फॅमिली' (2010) वाचता येत नाही. खरा बिघाड त्याहून खोल आहे. सूकीच्या पैशाच्या विवंचनेला उत्तर मिळते ते एका परीच्या वारशातून, आणि बाराव्या खंडात मेलेला सॅम उठतो तो इच्छापूर्तीच्या एका जादूच्या वस्तूने. ज्या कथेत प्रत्येक गोष्टीची किंमत मोजली जात होती, तिथे दोन मोठ्या गोष्टी फुकटात पदरात पडतात. आमचा आक्षेप पऱ्यांवर नाही, या फुकटेपणावर आहे.

आणि तरीही शेवट. 2013 साली शेवटचा खंड येण्याच्या सुमारास त्याचा शेवट आधीच फुटला आणि वाचकांचा संताप उसळला: सूकी एरिकला मिळत नाही! ती बारचा मालक सॅम मर्लॉट याच्यासोबत राहते, ज्या बारमध्ये तिची आता भागीदारी आहे. एरिकला त्याच्या निर्मात्याने ठरवून ठेवलेल्या करारामुळे ओक्लाहोमाच्या राणीकडे जावे लागते. हजार वर्षांचा योद्धाही करार मोडू शकत नाही. सॅमशी जुळणारे नाते घाईने रेखाटले आहे, हे मान्य. पण सूकी आपल्या आजीचे घर, आपली बाग, दिवसाचे ऊन आणि आपल्या कमाईतला वाटा निवडते. अमरत्व नाकारून भागीदारी घेणारी नायिका रागावलेल्या वाचकांना फसवणूक वाटली, कारण ते प्रेमकथा वाचत होते. रूपकवाल्यांना ती फिकी वाटली, कारण सॅम कशाचेही प्रतीक होत नाही. आमच्या विद्यार्थिनीने शेवटच्या खंडातल्या त्या भागीदारीच्या उल्लेखाखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांवर एक प्रकरण होऊ शकले असते, आणि ते लिहू न देणाऱ्यांत आमचीही सही होती.