राखेची दारे आणि राखेचे डोंगर

औष्णिक वीजकेंद्रांतील राख प्लास्टिकमध्ये मिसळून दारे, तक्ते आणि नळ्या बनविता येतात, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने (२००७ पासून तिचे नाव बदलले आहे) राख किंवा अॅल्युमिनियम उद्योगातील लाल गाळ, ताग आणि पॉलिएस्टर रेझिन यांपासून लाकडाला पर्याय ठरणारी दारे फार पूर्वीच तयार करून दाखविली. 'कचऱ्यातून सोने' ही भाषा तेव्हापासून रूढ झाली. ती ऐकावयास गोड आहे; परंतु तिच्यामागील अंकगणित फारसे कोणी मांडून पाहत नाही.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे २०२१-२२ या एका वर्षात देशात सुमारे २७ कोटी टन राख निर्माण झाली. देशातील प्लास्टिकचा वार्षिक खप मात्र दोन कोटी टनांहून थोडाच अधिक आहे. उद्या देशातील प्रत्येक बादलीत, पिशवीत आणि नळीत पाचवा हिस्सा राखेचा घातला, तरी चाळीस-पन्नास लाख टनांपलीकडे राख खपणार नाही. म्हणजे एकूण राखेच्या दोन टक्केही नव्हे. तेव्हा राखेच्या विल्हेवाटीचा उपाय म्हणून या उद्योगाची भलावण करणे ही दिशाभूल होय. राख खपते ती सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांत आणि खाणींच्या भरावात.

मग या उद्योगाचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे? कच्च्या मालाची बचत हे एक कारण सांगितले जाते. येथेही एक फसगत आहे. माल वजनाने विकत घेतला जातो, वस्तू मात्र आकारमानाने तयार होते. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ आणि राखेची साधारण २.१ धरली, तर वजनाने ३० टक्के राख घातलेल्या मिश्रणाची घनता १.०९ च्या आसपास जाते. शंभर लिटर आकारमानाच्या वस्तूंना पूर्वी ९० किलो प्लास्टिक लागत असेल, तर आता ते ७६ किलो लागते. तीस टक्क्यांच्या जाहिरातीत प्रत्यक्ष बचत निम्म्याच्या आसपास भरते. शिवाय वस्तू वजनाने वीस टक्के जड होते, तिचे वाहतूक भाडे वाढते ते वेगळेच. मिश्रण दळणे, कोरडे करणे, राखेच्या कणांना प्लास्टिकशी जखडणारी रसायने वापरणे आणि खरखरीत राखेने झिजणारी यंत्रे, हा खर्च अद्याप हिशेबात धरलेलाच नाही.

राखेची खरी स्पर्धा प्लास्टिकशी नसून चुनखडी व शंखजिरे यांच्या भुकटीशी आहे. ही भुकटी खाणीतून येते, डोंगर पोखरून येते. राखेचे गोल कण तिच्यापेक्षा हलके असतात आणि वितळलेल्या प्लास्टिकचा प्रवाह फारसा अडवीत नाहीत. परंतु चुनखडी पांढरी असते, राख करडी. आणि चुनखडी दर महिन्यास सारखीच मिळते, तर राख कोळशाबरोबर बदलते. लहान कारखानदारास अडचण राखेच्या किमतीची नाही. १९९९ च्या अधिसूचनेने तर ती निदान दहा वर्षे फुकट देण्याचे बंधन घातले होते. त्याला हवी असते प्रतवारी केलेली, हमी दिलेली, कोरडी राख. ती प्रतवारी करण्याचा भार वीजकंपनीने उचलावा, कारण राख तिची आहे, ही मागणी अगदी रास्त ठरेल.

दुसरीकडे, पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते आणि राखभरित प्लास्टिक बुडते. भंगार पाण्यात टाकून प्लास्टिक वेगळे काढण्याची जी साधी रीत आहे, ती येथे कोलमडते. वस्तू मोडीत निघाल्यावर ती कोणाच्या गळ्यात पडणार, हे आजच ठरविलेले बरे. दार कापताना, घासताना उडणारी सिलिकायुक्त धूळ सुताराच्या फुप्फुसात जाते, हेही कोणत्या प्रशस्तिपत्रात नमूद नसते.

आणि शेवटी राख कोणती, हा प्रश्न उरतोच. या उद्योगाला लागते ती वीजकेंद्राच्या धूळ पकडणाऱ्या यंत्रातील बारीक, कोरडी राख. सिमेंटवाल्यांनाही नेमकी तीच हवी असते. पाण्याबरोबर वाहत जाऊन तळ्यात साचलेली जाडीभरडी, ओली राख दोघांनाही नको आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या खसारा येथील तळ्याचा बांध फुटला, तेव्हा शेतांत शिरली ती ही राख होती. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली आणि जुन्या साठ्यांनाही मुदत घालून दिली. ती भरपाई वसूल करून प्रथम खसाऱ्यासारख्या गावांच्या विहिरी आणि बांध यांवर खर्च व्हावी. राखेच्या दारांचे कौतुक त्यानंतर करता येईल.