अंतुलेंना शहीद करू नका

महाराष्ट्रातील मुसलमानांच्या कोणत्याही बैठकीत राजकारणाचा विषय निघाला, की कोणीतरी बॅ. अंतुलेंचे नाव घेतोच. ‘आपला माणूस होता, म्हणून टिकू दिला नाही.’ माना डोलतात, चहा येतो आणि चर्चा संपते. आमची तक्रार या डोलणाऱ्या मानांविषयी आहे.

सावित्रीकाठच्या आंबेतचा हा बॅरिस्टर ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाला तो कौमच्या ताकदीवर नव्हे, इंदिराजींच्या मर्जीवर. त्याच वर्षी डिसेंबरात आसामात सय्यदा अन्वरा तैमूर यांनाही ती मर्जी लाभली आणि सात महिने टिकली. दिल्लीने बसवलेला माणूस दिल्लीला जड झाला की उठतो. यात धर्म शोधायचा असेल, तर बसवतानाही शोधावा लागेल.

एकोणीस महिन्यांत त्यांनी काय केले, हे मात्र या बैठकांत कोणी सांगत नाही. कुलाब्याचा रायगड झाला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. भवानी तलवार विलायतेहून आणण्याची घोषणा झाली. तिची त्या काळी पुष्कळ टिंगल झाली. पण रायगडाच्या मुलखात वाढलेल्या कोकणी मुसलमानाला शिवराय परके का वाटावेत? आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना! आमच्या मोहल्ल्यातली बेवा तलाठ्याचे दाखले जमवून आजही ज्या पैशांसाठी खेटे घालते, ती योजना अंतुलेंच्या कारकिर्दीतली आहे. तिला हे ठाऊक नाही, आणि तिला सांगावे असे आमच्या पुढाऱ्यांना कधी वाटले नाही. त्यांना शहीद हवा असतो, प्रशासक नको.

आता सिमेंट. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परमिटाशिवाय गोणी मिळत नसे. अशा वेळी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डरांचे धनादेश पोचत होते आणि बिल्डरांना सिमेंट पोचत होते. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे प्रकरण उघड केले. शौरींचे पुढचे इस्लामविषयक लिखाण आम्ही वाचले आहे, त्याचा समाचार वेगळा घेता येईल. पण नावडत्या माणसाने दाखवली म्हणून पावती खोटी ठरत नाही. मृणाल गोरेंसारख्या समाजवाद्यांनी विषय लावून धरला. त्या काय मुसलमानांच्या दुश्मन होत्या? १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला तो न्या. लेंटिन यांनी, आणि ते पारशी. देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध न्यायालयाने मान्य केला, आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. पावसाळ्याआधी भिंत उभी करायला दोन गोण्या शोधत फिरणाऱ्या गरिबाच्या वाट्याचे सिमेंट बिल्डरकडे गेले. त्या गरिबांत मुसलमान नव्हते काय?

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. १९८६ साली मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून त्याच उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले. त्यांच्या जातीला कोणी जाब विचारला? तोंडी परीक्षा मात्र आमचीच का होते? अंतुलेंवरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे वर्ग केला, आणि १९८८ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेशच चुकीचा ठरवला. म्हणजे जिथे अंतुलेंची बाजू बरोबर होती, तिथे ती याच देशाच्या न्यायालयाने मान्य केली. हे आमचे वक्ते का सांगत नाहीत?

२००६ साली ते अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्री झाले, त्याच वर्षी सच्चर अहवाल आला. डिसेंबर २००८ मध्ये करकरेंच्या मृत्यूविषयी त्यांनी प्रश्न विचारला. पक्षाने हात झटकले, मोहल्ल्यांनी टाळ्या वाजवल्या. २००९ साली रायगडात ते अनंत गीतेंकडून हरले, आणि महाराष्ट्रातून पुढचा मुसलमान खासदार लोकसभेत जायला २०१९ साल उजाडले. टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्या मंत्रालयाचा हिशेब कधी मागितला नाही. २०२२ साली पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली, तेव्हा अंतुलेंसाठी हळहळणाऱ्या किती जणांनी साधा अर्ज लिहिला?

२०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या अठ्ठेचाळीसपैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नाही. मते मात्र आमची घेतली. अंतुले २ डिसेंबर २०१४ रोजी गेले. या अठ्ठेचाळीस जागांचा जाब त्यांच्या नावाने उसासे टाकून मिळणार नाही. तो ज्यांना विचारायचा, ते पक्षाध्यक्ष हयात आहेत, त्यांचे पत्ते आमच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहेत आणि ईदच्या शिरखुर्म्याला ते आमच्याच घरी येतात.