बोथट कोयत्याची मजुरी

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. नांगराचा फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाड, सुताराची पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री आणि अलीकडे संगणकसुद्धा! ज्याच्या आधारावर घर चालते त्याला हळदकुंकू लावायचे, झेंडूचे फूल वाहायचे, ही प्रथा मोठी अर्थपूर्ण आहे. परंतु पूजेच्या पाटावरची विळी उचलून तिने एखादा पिकलेला टोमॅटो चिरून पाहावा. बहुतेक घरांत तो चिरला जाण्याऐवजी चेपला जातो. जिची आपण पूजा करतो, तिला धार लावणे मात्र आपल्याला येत नाही. एका पिढीपूर्वीपर्यंत घरातील स्त्रिया विळीचे पाते दगडी पायरीवर सहज घासून घेत. आज धार गेली की नवी सुरी विकत येते.

शहरी स्वयंपाकघरात बोथट पात्याने होणारे नुकसान फार तर एखाद्या टोमॅटोचे असते. सातपुड्याच्या पायथ्याशी तेच नुकसान माणसाच्या मजुरीतून वजा होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा हा प्रामुख्याने भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा जनजातींचा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील हजारो कुटुंबे पावसाळा संपला की ऊसतोडीला बाहेर पडतात. काही शहादा परिसरातच राहतात, पण पुष्कळशी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला नाव आहे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि हिशेब मांडतो तोही कोयत्याचाच. दोन जित्याजागत्या माणसांची ओळख त्यांच्या हातातल्या लोखंडाच्या पात्याने व्हावी, याहून त्या पात्याचे महत्त्व ते काय सांगावे?

आणि हेच पाते बहुधा बोथट असते. त्याचे कारण आळस नव्हे. उसाच्या कांड्याच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक अंश. त्यात ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे अधिक असते. जमिनीलगतचा प्रत्येक घाव मातीत, खड्यात जातो. सकाळी लावलेली धार दुपारपर्यंत टिकत नाही. मजुरी मात्र टनावर मिळते. धार लावण्यात गेलेला वेळ कोणी मोजत नाही. म्हणून मजूर दगडावर कोयता चार वेळा घासतो आणि पुन्हा फडात शिरतो. एका घावात तुटणाऱ्या उसाला दोन-तीन घाव घालावे लागले की दिवसभरात मनगट, खांदा आणि कंबर यांवर किती भार पडत असेल, याची कल्पना खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा येत नाही. शेतकऱ्याचेही यात हित नाही. बोथट घावाने बुडखा ठेचला जातो, फाटतो, उंच राहतो, आणि त्याच खोडक्यांतून फुटणारा खोडवा कमजोर येतो. मजुराचा घाम आणि मालकाचा खोडवा असे दोहोंचे नुकसान करणारी ही गोष्ट, पण ऊसतोडीच्या दराच्या वाटाघाटींत कोयत्याच्या धारेचा विषय निघाल्याचे निदान आमच्या ऐकिवात नाही.

शहरात कोयत्याचे नाव अलीकडे वेगळ्याच कारणाने ऐकू येते. पुण्याच्या गुन्हेवार्तांत ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला आणि सुशिक्षित घरांत धारदार वस्तूविषयी एक भीती बसली. येथे कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे, परंतु घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. कायद्याने विळ्या-कोयत्याला अवजार मानले आहे. गुन्हा करणाऱ्याचा बंदोबस्त पोलीस करतील. त्यांच्या भीतीने आपण आपल्या मुलांना अवजारापासूनच दूर ठेवायचे, हा कुठला न्याय?

पूर्वी ही विद्या गावात होती. गावचा लोहार बलुतेदार होता. पेरणीपूर्वी फाळ शेवटून देणे, विळे पाजवून देणे हे त्याचे काम. जेथे लोहार नसे तेथे घिसाडी येत. गुजराती वळणाची बोली बोलणारी, महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडणारी ही मंडळी गावाबाहेर पाल ठोकीत, भाता लावीत, आणि त्यांच्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने घण चालवीत. मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा तापवून, ठोकून ते कोयता घडवतात. कोणाला हा जुगाड वाटेल, पण त्यात मोठे शहाणपण आहे. कमानीच्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. नीट पाणी दिले तर त्याला धारही धरते आणि घावाने ते तुटतही नाही. बाजारातली चकचकीत, पत्र्यासारखी स्वस्त पाती त्याच्यापुढे फिकी पडतात. मात्र अशी पाती आली, बलुते मोडले, घिसाड्यांची पाले विरळ झाली, आणि धार लावणे हे घरातल्या ज्याचे त्याने शिकावे असे काम होऊन बसले. शिकवणारे मात्र कोणी उरले नाही.

म्हणून येथे ती रीतच थोडक्यात मांडतो. अवघड तिच्यात काही नाही. लागतो तो धीर.

पहिला प्रश्न कोनाचा. पाते दगडावर किती कलते धरायचे? मोजपट्टीवाचून चालणारा एक ठोकताळा असा: पात्याची जेवढी रुंदी, तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी पाठ दगडापासून वर उचलावी. हा साधारण वीस अंशांचा कोन होतो आणि भाजीच्या सुरीला, कलम करण्याच्या चाकूला तो पुरेसा आहे. कुऱ्हाडीला व लाकूड तोडण्याच्या जड कोयत्याला अधिक बोजड धार हवी, नाहीतर ती घावासरशी मोडते. तेथे उंची रुंदीच्या निम्म्यापर्यंत न्यावी, म्हणजे तीस अंश होतात. ऊसतोडीचा कोयता या दोहोंच्या मधला. एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही, हीच सगळी मेख आहे. नवशिक्याने धारेच्या कडेला शाईने किंवा मार्करने रंग द्यावा आणि दोन-चार हात मारून पाहावे. रंग अगदी टोकापर्यंत गेला तर कोन बरोबर. वरच्या अंगाचाच गेला तर पाठ थोडी उचलावी.

दगड दोन बाजूंचा मिळतो, एक अंग खरखरीत, दुसरे मऊ. याला लोक अजूनही कुरुंदाचा दगड म्हणतात, जरी आजचे बहुतेक दगड कृत्रिम कार्बोरंडमचे असतात, जे एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकन माणसाने १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करण्याच्या नादात शोधले. दगड पाण्याने ओला करावा. खरखरीत अंगावर, जणू दगडाचीच पातळ काप काढायची आहे अशा बेताने, पाते धारेच्या दिशेने पुढे न्यावे. थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाला, धारेवर बोट आडवे फिरवले असता (लांबीच्या दिशेने कदापि नव्हे) लोखंडाची बारीक मुरड लागते. ही मुरड टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली की समजावे, त्या बाजूचे काम झाले. ती लागण्यापूर्वीच बाजू बदलणे हा नवशिक्यांचा नेहमीचा उतावळेपणा. पुष्कळ घासूनही धार का येत नाही, याचे उत्तर बहुधा त्यात असते. मग दुसरी बाजू, आणि त्यानंतर हाच क्रम मऊ अंगावर, हात हलका करीत.

कोयत्याला मात्र उलट करावे लागते. वाकडे, लांब पाते दगडावर फिरवता येत नाही. ते लाकडाच्या ओंडक्यावर पक्के दाबून दगड किंवा कानस त्याच्यावरून फिरवावी. कानस फक्त पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलायची, नाहीतर कानशीचेच दात जातात. कानस पात्यावरून नुसती घसरत असेल तर पोलाद तिच्याहून कठीण आहे, तेथे दगडच हवा. विळ्याच्या आतल्या वळणासाठी नावेच्या आकाराचा दगड मिळतो. पुष्कळ विळ्यांना एकाच बाजूने उतार असतो; अशा पात्याची उताराची बाजूच घासावी, सपाट बाजूला केवळ मुरड काढण्यापुरता दगड लावावा. दातेरी विळ्याच्या दातांना साधा दगड काही कामाचा नाही, तेथे तिधारी कानसच पाहिजे.

बाजारात विजेच्या चाकावर धार लावून मिळते. वेळ वाचतो खरा, पण ठिणग्या उडत असताना कडेला निळी झाक आली की समजावे, तेवढ्या पोलादाचे पाणी गेले. निळा रंग सुमारे तीनशे अंश सेल्सिअसला येतो. त्यानंतर ती कड कितीही घासली तरी मऊच राहणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळणार. चाकवाल्याला दर दोन-तीन हातांनंतर पाते पाण्यात बुडवायला सांगावे. त्याने कंटाळा केला तर आपले पाते परत घ्यावे.

आता चामोटी. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर असणारा हा चामड्याचा पट्टा पुढच्या पिढीला बहुधा चित्रातच दिसेल, कारण केशकर्तनालयात आता दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. चामोटी धार निर्माण करीत नाही. दगडाने आणलेल्या धारेवर राहिलेली मुरडीची शेवटची कणी ती काढते आणि कड सरळ करते. जुन्या कमरपट्ट्याची खरखरीत बाजू फळीवर डकवली की घरची चामोटी तयार होते. येथे हाताची दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर चामडेच कापले जाईल. प्रत्येक बाजूने दहा-पंधरा हात पुरेत. ऊसतोडीच्या कोयत्याला याची गरज नाही. मातीत जाणाऱ्या धारेला असे लाड परवडत नाहीत. पण आंब्याचे कलम बांधणाऱ्याला चामोटी हवीच, कारण काप जितका स्वच्छ तितका सांधा लवकर जुळतो.

आंब्यावरून धडगाव-अक्कलकुव्याच्या आमचुराचे स्मरण होते. उन्हाळ्यात तेथील आदिवासी स्त्रिया पहाडातल्या गावरान कैऱ्या सोलून, कापून, खडकावर वाळवतात. वर्षाच्या रोख उत्पन्नाचा तो एक आधार असतो. साध्या लोखंडी पात्याने फोड काळवंडते, आणि काळ्या आमचुराला व्यापारी भाव पाडून मागतो. न गंजणाऱ्या पोलादाची धारदार सुरी आणि घरच्या घरी ती पाजवण्याचे कसब एवढ्याने फोड पातळ, एकसारखी निघते, वाळते लवकर आणि रंग राखते. यासाठी मोठ्या प्रकल्पाची, उद्घाटनाच्या फितीची गरज नाही. (फीत कापायची कात्रीसुद्धा पुष्कळदा बोथटच असते, हे आम्ही पत्रकारांनी अनेकदा पाहिले आहे.)

प्राचीन भारतीय पोलादाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. दक्षिणेतले वुट्झ पोलाद जगभर गेले. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने १८२० च्या सुमारास त्यावर इंग्लंडमध्ये प्रयोग केले. व्याख्यानांतून आपण हे आवडीने सांगतो. परंतु ते पोलाद घडवणाऱ्यांच्या हातांचे वारस आज पालात राहतात आणि त्यांची मुले शाळेत टिकत नाहीत, हे त्याच व्याख्यानात कितीजण सांगतात?

मार्ग उपलब्ध आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. नंदुरबारच्या आश्रमशाळांनी त्यातले दोन दिवस तरी गावच्या लोहाराला किंवा घिसाड्याला द्यावेत, आणि मानधन देऊन द्यावेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे आणि अवजारपेटीसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्यही आहे. भटक्या कुटुंबांचे कागद तयार करून देणे हे कार्यकर्त्यांनी अंगावर घेण्याजोगे काम आहे. डॉ. हेडगेवार सेवा समितीच्या कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची शिबिरे होतात. कलम आणि छाटणी शिकवताना त्याच दिवशी चाकू पाजवणेही शिकवता येईल.

राहिला ऊसतोडीचा प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, तेव्हा उचलीचे पैसे हातात पडतात. कारखान्यांनी प्रत्येक कोयत्यामागे एक दुहेरी दगड आणि एक कानस द्यावी, फडात दुपारच्या वेळी धार लावण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा, आणि या दगड-कानशीची किंमत मुकादमाने उचलीतून वळती करून घेऊ नये.